खासगी पशुवैद्यकीय दवाखाना : पशुपालक कसे जोडावेत आणि कसे टिकवावेत

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून दरवर्षी मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. कुणी स्पर्धा परीक्षेला लागतं, कुणी औषध कंपनीत जातं, आणि काहीजण तालुक्याच्या गावी गाळा भाड्याने घेऊन पाटी लावतात. हा लेख त्या पाटी लावणाऱ्यांसाठी आहे. अडलेली गाय कशी सोडवायची हे आपल्याला शिकवलं जातं. सोडवल्यानंतर त्या घरातलं पुढचं जनावरही आपल्याकडेच कसं येईल, हे मात्र कुणी शिकवत नाही. माझं म्हणणं असं आहे की पशुपालक तुम्हाला लक्षात ठेवेल यावर विसंबू नका, तुम्ही त्याचं जनावर लक्षात ठेवा. त्यासाठी नोंदवही लागते, वेळेवर केलेला फोन लागतो आणि रोजची थोडी शिस्त लागते.

आधी नियम

पशुवैद्यकाला दुकानदारासारखी जाहिरात करता येत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा, आणि परिषदेची व्यावसायिक आचारसंहितेची नियमावली १९९२ ची. पत्रकं वाटून किंवा फलक लावून गिऱ्हाईक ओढणं आणि कमिशन देणं-घेणं हे त्या आचारसंहितेत बसत नाही. नियमावली स्वतः एकदा सबंध वाचून काढा. पाटीवर काय लिहावं, दवाखाना सुरू झाल्याची सूचना कशी द्यावी याबद्दल शंका असेल तर राज्य परिषदेला विचारा. ‘खात्रीने गाभण’ असले शब्द पाटीवर, फोनवर, कुठेच नकोत.

यामुळे धंदा बुडतो असं मला अजिबात वाटत नाही. चौकातला फ्लेक्स बघून कुणी अडलेल्या म्हशीला डॉक्टर बोलावत नाही. माणूस शेजाऱ्याला विचारतो, नाहीतर दूध घालायला गेल्यावर संकलन केंद्रावर विचारतो. तिथे तुमचं नाव निघालं पाहिजे, एवढंच खरं.

पंधरा किलोमीटरचा नकाशा

सुरुवातीच्या दिवसांत काम कमी असतं. तेव्हा गाळ्यात बसून राहू नका. दवाखान्याभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या प्रत्येक गावात, वाडीवर, तांड्यावर एकदा जाऊन या. दूध संकलन केंद्र कुठे आहे, तिथे दूध किती येतं, सरकारी दवाखाना किती लांब आहे, कृत्रिम रेतनाचं काम कोण करतं, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो, हे लिहून आणा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे कोणतं जनावर आहे ते बघा. मराठवाड्यात ‘पशुपालक’ म्हणून एकच माणूस नसतो. उदगीर-देवणी भागात देवणी सांभाळणाऱ्याला वंशाचा अभिमान असतो. त्याला वळू चांगला हवा असतो आणि खोंड बाजारात उठून दिसायला हवं असतं. कंधार-लोह्याकडे लाल कंधारीचं तेच. एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन या जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) आठ-दहा गाई बांधलेला तरुण दर लिटरचा हिशोब करतो. एका सडाला दगडी (कासेची सूज) झाली तर दिवसाचं किती नुकसान, हे त्याला तोंडपाठ असतं. धाराशिवकडे उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या घरात एक बोकड मेला तर सणाचा खर्च गेला. या तिघांशी एकच भाषा बोलून चालत नाही. पहिल्या वर्षी यातला एक गट पक्का धरा, त्याचं काम उत्तम करा, बाकीचे मागून येतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्यातले बरेचजण काणाडोळा करतात. गोठ्यात शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बहुतेक घरांत बाई असते. गाय काल संध्याकाळपासून रवंथ करत नाही, हे आधी तिला कळतं. आपण मात्र सगळं विचारतो ते दारात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला. पहिल्याच भेटीत मावशींना, वहिनींना विचारा, त्यांच्यासमोर औषध समजावून सांगा आणि त्यांचाही नंबर लिहून घ्या. शेळ्यांच्या बाबतीत तर बचत गटातल्या बायका हीच तुमची मुख्य मंडळी.

पहिली भेट

गोठ्यात गेल्या गेल्या सुई काढू नका. आधी जनावराकडे लांबून दोन मिनिटं बघा, मग ताप घ्या, पोटाला हात लावा, डोळ्याच्या पापण्या बघा, आणि जे दिसतंय ते मोठ्याने सांगत चला. पशुपालकाला तपासणी दिसली पाहिजे. इंजेक्शन तर गावातला कुणीही नोंदणी नसलेला माणूस देतो. तुमच्या आणि त्याच्या कामातला फरक त्या तपासणीत आहे, आणि तो फरक सांगून कळत नाही.

निघताना तीन गोष्टी चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या: काय झालंय, औषध कधी आणि किती द्यायचं, आणि काय दिसलं तर लगेच फोन करायचा. प्रतिजैविक दिलं असेल तर दूध किती दिवस घालायचं नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा. दूध केंद्रावर परत आलं की माणूस तुमच्यावरच चिडणार, आणि त्याचं ते बरोबरच असेल.

नोंदवही

इथे थोडं थांबून सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

बहुतेक दवाखान्यांत वही असते ती पैशांची. तारीख, नाव, गाव, रक्कम, बाकी. ती हवीच. पण दुसरी वही जनावराची हवी. एका जनावराला एक पान. वर मालकाचं नाव, गाव, घरातले दोन फोन नंबर. खाली जनावर ओळखू येईल असं वर्णन, कितवं वेत, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक. मग प्रत्येक भेटीची एक ओळ. आणि पानाच्या उजव्या कडेला एक रकाना: ‘पुढची तारीख’. हा रकाना रिकामा ठेवून पान मिटायचं नाही.

समजा संकरित एचएफ गाय, तिसरं वेत, तुम्ही १२ जानेवारीला संध्याकाळी भरवली, म्हणजे तिचं कृत्रिम रेतन केलं. त्याच वेळी पुढच्या तारखा लिहून टाका. साधारण एकवीस दिवसांनी, म्हणजे २ फेब्रुवारीच्या आगेमागे, गाय पुन्हा माजावर येते का ते बघायला सांगायचं. नाही आली तर १३ मार्च ते १२ एप्रिल या काळात, म्हणजे साठ ते नव्वद दिवसांत, गाभण तपासणी. गाभण निघाली तर २८० दिवसांच्या हिशोबाने १९ ऑक्टोबरच्या सुमारास विणार, म्हणून २० ऑगस्टच्या आसपास आटवायची, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करायचं. नेमकी तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, घरातले सगळे सोयाबीनच्या राशीवर असणार आणि गोठ्यात लक्ष द्यायला कुणी नसणार, म्हणून विण्याच्या आठवडाभर आधी एक फोन. व्याल्यावर पुन्हा एक. वासराच्या जंताच्या औषधाची तारीख वेगळी. म्हशीला २८० ऐवजी ३१० दिवस धरा, शेळीला १५०.

एका रेतनातून पाच-सहा वेळा बोलायचं निमित्त निघतं, आणि त्यातला प्रत्येक फोन पशुपालकाच्या फायद्याचा असतो. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि ते महिनाभर कळलं नाही, तर तेवढे दिवस ती चारा खाते आणि पुढचं वेत लांबतं. ते नुकसान तुमच्या एका फोनने वाचतं. माझ्या मते ग्रामीण भागात पशुवैद्यकाला करता येण्यासारखा याहून चांगला प्रचार नाही.

वही कागदाची ठेवा की मोबाईलमध्ये, हा तुमचा प्रश्न. चिखलाच्या हाताने कागद बरा पडतो आणि रात्री तारखा मोबाईलच्या कॅलेंडरवर चढवता येतात. रोज सकाळी चहाआधी आजच्या तारखेचे फोन उरकायचे, एवढा एक नेम मात्र मोडू नका.

फोन कसा करायचा

“बरं आहे ना?” असं विचारलं की “बरं आहे साहेब” असंच उत्तर येतं. प्रश्न असा विचारा की समोरच्याला गोठ्यात जाऊन बघावं लागेल. सकाळी व्यालेल्या एका गाईबद्दल रात्री केलेला फोन असा होता (जार म्हणजे वासरानंतर पडणारी वार):

“मामा, जार पडला का?”

“पडला की साहेब, दुपारीच.”

“बरं. आता तिच्या कानाला हात लावून सांगा, गार लागतात का?”

“थांबा... हाव, गारच लागायलेत बगा. अन् वैरण बी नको म्हणायली.”

“मी निघालोच. तोवर तिला कुशीवर लोळू देऊ नका, छातीवर बसवून ठेवा. तोंडातून काहीही पाजू नका.”

जास्त दुधाच्या गाईला व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दुग्धज्वराचा धोका असतो. कान गार पडणं, खाणं सोडणं ही त्याची सुरुवात, आणि तेव्हाच शिरेतून कॅल्शियम गेलं तर गाय बहुधा लवकर उठते. फोन झाला नसता तर सकाळी मान वळवून पडलेली गाय सापडली असती. असा एक फोन गावात किती घरांत सांगितला जातो, ते पुढच्या बाजारी आपोआप कळतं.

कठीण केसमध्ये दुसऱ्या दिवशी, साध्या केसमध्ये तिसऱ्या दिवशी विचारपूस करावी. त्या फोनचे पैसे कधीही लावू नका.

वर्षाचं गणित

मराठवाड्यात पशुवैद्यकाचं वर्ष पावसावर चालतं. मे महिन्यात घटसर्प आणि फऱ्याच्या लसीची आठवण द्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची. लाळ-खुरकुताची लस सरकारकडून मोफत मिळते. तिथे स्पर्धा करायची नाही. उलट सरकारी पथक कोणत्या दिवशी कोणत्या गावात येणार ते तुम्हीच लोकांना कळवा. फुकट मिळणारी गोष्ट फुकट मिळते असं जो सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसतो.

पाऊस पडून मध्येच ताण बसला की कोवळ्या ज्वारीचं किराळ लागतं, म्हणजे तिची विषबाधा होते. अर्ध्या तासात जनावर हातचं जातं, तुम्ही पोचेपर्यंत काही उरत नाही. म्हणून ही सूचना आधीच, पावसाने उघडीप दिली की लगेच गेली पाहिजे: सुकलेल्या, खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत गुरं सोडू नका. पावसाळ्यात गोचीड आणि तिवा (तीन दिवसांचा ताप). राशीच्या दिवसांत सुटलेलं जनावर धान्यावर तुटून पडतं आणि पोट कोंदून मरणाला टेकतं. हिवाळ्यात म्हशी माजावर येतात आणि त्यांचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा असतो, तेव्हा माज ओळखायला शिकवणं हेच मोठं काम.

बीड आणि आसपासच्या भागात दवाखाना असेल तर ऊसतोड विसरून चालणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. जाण्याआधी बैलांची लस, जंताचं औषध, खुरं आणि खांदे तपासून घ्या. खांदेसूज झाली तर फडावर काय करायचं ते समजावून द्या. तिकडे बैल आजारी पडला तर फोनवर ऐकून घ्या, पण न बघता औषध सांगण्यापेक्षा जवळच्या पशुवैद्यकाकडे पाठवा. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री क्रमांक त्यांच्या मोबाईलमध्ये आधीच साठवून द्या. परत आल्यावर ही मंडळी सगळ्यात आधी तुमच्याकडे येतात, कारण चार-पाच महिने त्यांना विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

पोळ्याच्या आधी गावातल्या मारुतीच्या पारावर ग्रामपंचायतीला सांगून बैलांची तपासणी ठेवता येते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात जेवायला बोलावतात. वेळ काढून जाच. आंबील पिता पिता गोठ्यातल्या ज्या गोष्टी कळतात त्या दवाखान्यात कधी कळत नाहीत. माळेगावची यात्रा आणि हाळी-हंडरगुळीचा बाजार इथेही चक्कर टाकावी, कोणतं जनावर कोणत्या भावाने जातंय ते पशुवैद्यकाला ठाऊक हवं.

दर आणि उधारी

दर भिंतीवर लिहून लावा: तपासणी, गोठ्यावर भेट, रात्रीची भेट, रेतन, गाभण तपासणी. किलोमीटरप्रमाणे भेटीचे दोन-तीन टप्पे करा. माणूस बघून दर बदलला की ते गावात त्याच दिवशी कळतं. औषधाची किंमत आणि तुमची फी चिठ्ठीवर वेगवेगळी लिहा, म्हणजे पुढेमागे फी घेताना संकोच होत नाही.

उधारी टळत नाही. सोयाबीन विकेपर्यंत हातात पैसा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्यांचा पगार, म्हणजे घातलेल्या दुधाचे पैसे, बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी होतो, तेव्हा त्यांच्याशी ‘पुढच्या पगाराला’ असं ठरवा. कोरडवाहू शेतकऱ्याशी राशीनंतरचं ठरवा, आणि ठरलं ते त्याच्यासमोर लिहा. मात्र एक पक्कं लक्षात ठेवा. थकबाकीचा फोन आणि जनावराच्या विचारपूशीचा फोन कधी एकत्र करू नका. बाकी असलेला माणूस लाजेने तुमचा फोन उचलणं बंद करतो आणि गुपचूप दुसऱ्याकडे जातो. उधारीपायी पैसे बुडतातच, वर माणूसही जातो. त्याला तुम्हीच सांगा, “पैशाचं नंतर बघू, आधी गाय दाखवा.”

मोबाईलवर काय, किती

गूगल मॅपवर दवाखान्याची जागा, वेळ आणि नंबर बरोबर हवेत, नाव मराठीतही हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट गावनिहाय करा. त्यातला निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या भेटीतच समोरच्याच्या मोबाईलमध्ये नंबर साठवून घ्या. आठवड्याला एक निरोप पुरे, तोही हंगामाला धरून. सकाळची फुलं आणि सुविचार नकोत, मग कामाचा निरोपही कुणी उघडत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तो बायकाही ऐकतात. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या जनावराचा फोटो टाकू नका.

अफवांच्या वेळी मात्र हात आखडता घेऊ नका. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा दूध पिऊ नका, माणसाला होतो, असं काहीबाही फिरत होतं. लम्पी माणसाला होत नाही. अशा वेळी जो डॉक्टर साध्या शब्दांत रोज उत्तर देतो, तो त्या भागाचा डॉक्टर होतो.

इतरांशी संबंध

सरकारी पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, रेतन करणारे कार्यकर्ते, दूध केंद्राचा सचिव यांच्याशी सलोखा ठेवा. आपल्याला न जमणारी केस वेळेत परभणीच्या किंवा उदगीरच्या महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवा आणि सोबत चिठ्ठी द्या. आधीच्या डॉक्टरच्या उपचाराला गोठ्यात उभं राहून नावं ठेवू नका. ते आचारसंहितेतही बसत नाही, आणि ऐकणारा मनात म्हणतो, उद्या हा माझ्यामागे काय बोलेल.

शहरातली कुत्री-मांजरं

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथे पाळीव प्राण्यांचं काम वाढतंय. तत्त्व तेच, तारखा वेगळ्या. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, तीन महिन्यांवर रेबीज, मग दरवर्षी. लसकार्डावर पुढची तारीख लिहून आठवडाभर आधी निरोप पाठवा. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर कुत्रं ठेवू नका, हे एप्रिल लागायच्या आत सांगा. शहरात वेळेला जास्त किंमत आहे, म्हणून वेळ ठरवून बोलवा आणि ती पाळा.

जनावर गेलं तर

कधी ना कधी उपचार चालू असताना जनावर दगावणारच. त्या घरी फोनवरून काम भागवू नका, स्वतः जा. काय झालं, काय केलं, काय करता आलं नसतं, हे सरळ सांगा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवायला लावा, बिल्ला काढून टाकू देऊ नका, शवविच्छेदनाची व्यवस्था करायला मदत करा. संसर्गाची शंका असेल तर गोठ्यातली बाकीची जनावरं त्याच दिवशी तपासा, त्याची फी घेऊ नका. घरातली बाई रडत असेल तर घाईने निघू नका.

महिनाअखेर

महिन्याच्या शेवटी तासभर वही घेऊन बसा. नवीन घरं किती आली आणि कुणाच्या सांगण्यावरून आली, ते बघा. ते नाव लिहा आणि त्या माणसाचे आभार माना, भेटवस्तू किंवा पैसे देऊ नका. भरवलेल्या गाई-म्हशींपैकी किती गाभण निघाल्या ते मोजा. आकडा वाईट असेल तर रेतनाची वेळ, वीर्यमात्रा, त्या साठवायच्या डब्यातल्या नायट्रोजनची पातळी आणि खनिज मिश्रण या क्रमाने तपासा. ठरलेले किती फोन राहिले तेही मोजा.

मग ज्या घरांतून सहा महिन्यांत काहीच आलेलं नाही त्यांची यादी काढा. काहींनी जनावर विकलेलं असेल, काही तोडीला गेले असतील, काही दुसऱ्याकडे जात असतील. प्रत्येकाला फोन करा आणि सरळ विचारा, “दादा, गाय कशी आहे? दुसऱ्या डॉक्टरला दाखवली असली तरी चालतंय, आमच्याकडून काही राहिलं असेल तर तेवढं सांगा.” जे सांगतील ते मधे न बोलता ऐकून घ्या आणि त्याच्या पानावर लिहून ठेवा.